खोकल्यासकट

रोहा, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या छोट्या म्युझिक लेबलच्या दिवसांतली माझी अकरा इलेक्ट्रॉनिक गाणी एका अल्बममध्ये काढायला मुंबईची कंपनी तयार झाली. अट एकच, मिठागराच्या गाण्यातला खोकला काढायचा. बाबांचा खोकला! धरमतरजवळच्या मिठागरात मी त्यांच्या फावड्याचा आवाज रेकॉर्ड करत होते, तेव्हा ते मधेच खोकले होते. आता बाबा नाहीत.

"लोकांना ती चूक वाटेल," कंपनीचे साहेब दुपारी फोनवर म्हणाले. मी 'बघते' म्हणून फोन ठेवला. सरळ नाही का म्हटलं नाही? एवढी कसली भीती?

नदीपलीकडच्या अष्टमीहून मैत्रीण सलमा आली. लेबल आम्ही दोघींनी तिच्या शिलाईच्या दुकानात सुरू केलं होतं. ती म्हणाली, "नाय म्हणून टाक गो. तेव्हा तरी आपल्याला कोण विचारत होतं?"

दोघींनी तो खोकला पुन्हा ऐकला. मग मीच साहेबांना फोन करून नाही म्हटलं. "पस्तावाल," ते म्हणाले. पस्तावेन, पण माझ्या मर्जीनं.

अकराही गाणी आम्ही आमच्याच लेबलच्या नावानं नेटवर टाकली. तासाभरात साहेबांचा फोन, खोकल्याचा पुन्हा विचार करू म्हणून. सलमानं तो माझ्या हातातून घेतला.

"अल्बम निघाला हाय साहेब. आता ऐका."