हातून घडलं, की केलं?

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार
काल संध्याकाळी पोलिसांनी बेलवर सोडलं. माझी बायको, वै., न्यायला आली होती.
रविवारी दुपारी दसऱ्याच्या जेवणासाठी दही आणायला गेलो होतो. परतताना, घरापासून दोन राउंडअबाउटचे गोल चौक अलीकडे, गाडी रस्ता सोडून सायकलींच्या वाटेवर चढली. सायकलवरच्या बाई जागीच गेल्या. नाव जीन. वय ६१. शाळेत स्वयंपाक करायच्या.
मी शुद्धीवर आलो तेव्हा ॲम्ब्युलन्समधला पॅरामेडिक सांगत होता, शुगर १.९. भारतातल्या मापात चौतीस. इन्सुलिन घेतलं होतं, जेवण राहिलं होतं.

९ ऑक्टो., सोम.
सॉलिसिटरकडे. अनिता, जन्म लंडनच्या ईलिंगचा, तिशीची असेल. मराठी ऐकून बरं वाटलं, मग लाज वाटली.
"काका, लॉमध्ये सगळ्यात आधी ॲक्ट पाहिजे, म्हणजे कृती. तुमचा स्वतःचा. माणूस बेशुद्ध आहे आणि हात फिरला, तर तो त्याचा ॲक्ट नाही. ॲक्ट नाही, तर गुन्हा नाही."
आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात, "पण आधी कळलं असेल, की शुगर खाली जाते, आणि तरी ड्राइव्ह केलं, तर तेच तुमचा ॲक्ट. कळलं होतं?"
आठवत नाही म्हटलं.
तिने पेन खाली ठेवलं. "आठवलं तर सांगा. पण एकदा मला सांगितलं, की कोर्टात उलटं बोलायला मी हेल्प नाही करू शकत."

१४ ऑक्टो., शनि.
खोटं बोललो. आठवतंय.
दुकानातून निघाल्यावर ओठ बधिर. मानेवर घाम. बारा वर्षं डायबेटीस, मला नाही कळणार? ग्लुकोजच्या गोळ्या डॅशबोर्डच्या खणात, हातभर अंतरावर. रस्त्याकडेला गाडी थांबवायची जागाही दिसली, रिकामी होती. पाच मिनिटांत घर आलं, तिथेच काहीतरी खाऊ, म्हणून पुढे गेलो. पाहुणे येऊन बसले होते ना.
त्यानंतरचं खरंच काही नाही.

२२ ऑक्टो., रवि.
दिवाळी. फराळ केलेला नाही, फोन कुणाचाच नाही. वै.ला सांगितलं.
"तुला घाम आलेला कुणी बघितला?"
नाही.
"मग मला का सांगतोस?" मग हळू, "शिरीष, तू केलं नाहीस. तुझ्या हातून झालं. दोन्हीत फरक आहे."
असेल. अनिताही तेच म्हणते. पण तिला अर्धंच माहीत आहे.
"तू आत गेलास तर माझ्या व्हिसाचं काय? तो तुझ्यावरच आहे. मी इथे एकटी काय करू?"


५ नोव्हें., रवि.
चालत तिथे गेलो. जायला नको होतं. दिव्याच्या खांबाला सेलोफेनमधली फुलं बांधलेली. एक म्हातारे गृहस्थ वाळलेली काढून ताजी लावत होते. जीनचे यजमान. मला ओळखलं नाही.
"तुम्ही ओळखायचात तिला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.
अगदी थोडं, म्हटलं.
त्यांनी माझा हात हातात घेतला, आल्याबद्दल आभार मानले. मी हात काढूनही घेतला नाही.

१६ नोव्हें., गुरु.
अनिताला सगळं सांगितलं. ओठ, घाम, गोळ्या, रिकामी जागा. तिने लिहून घेतलं. मधे एकदाही वर बघितलं नाही.
मग, "तुम्ही बेशुद्ध होता, ते आता उपयोगाचं नाही. न थांबणं, तेच तुमचा ॲक्ट झाला. गिल्टी म्हणायचं का, ते तुम्ही ठरवायचं. मंगळवारी मला सांगा."
हलकं वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. जीन परत येणार नाहीत, आणि मी आत गेलो म्हणून त्यांच्या यजमानांची फुलं वाळायची थांबणार नाहीत.
घरी येऊन वै.ला सांगितलं. तिने भांडी विसळली, हात पुसले, वर गेली. आता बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येतोय. माझे कपडे भरतेय की तिचे, कळत नाही. जिना चढून बघायला हवं.