वच्छलाच्या लग्नाचा बँड आणि माझा खोकला

सोलापूर,
वैशाख वद्य पंचमी, १९७४

ती. दाजींच्या पायांवर धोंडीरामाचं डोकं (टोपीसकट, कारण ऊन फार आहे) ठेवून विनंती की, इकडे आम्ही सगळे उन्हात भाजून निघालो तरी खुशाल आहोत. तिकडे आपण, आक्का, वच्छला, गाभण म्हैस आणि आपला डावा गुडघा कसे आहेत ते कळवावे. गुडघ्याला एरंडाचं पान शेकून बांधत जा. हे पत्र मुद्दाम पोस्टानं न धाडता माणसाबरोबर धाडतोय, कारण पोस्टाचं पत्र तुम्ही जेवणानंतर हातात घेता आणि दुसऱ्या ओळीला घोरू लागता, अशी आक्काची तक्रार आहे. पत्र आणणारा सोलापुरापासून सायकल मारत आलाय. आधी त्याला ओसरीवर बसवा, गूळपाणी द्या, आक्काला चहा टाकायला सांगा. त्यानं चहाचा पहिला घोट घेतला की मगच पुढं वाचा. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे.

घेतला घोट? आता ऐका. वच्छलाच्या लग्नाला बँड आपलाच हवा, हे तुमचं पत्र पोचलं. मामा बँडवाला आणि भाचीची वरात मुकी, असं वळसंगात कोण होऊ देईल? बँड येणार, ती काळजी सोडा. पण त्याआधी गेल्या काही महिन्यांत माझ्या आयुष्यात जे घडलंय ते सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. दाजी, वयाच्या पन्नाशीत मी नव्यानं उभा राहिलोय, असं समजा!

दिवाळी सरल्यावर समाजकल्याण खात्याचे एक साहेब माझ्या बँडच्या दुकानात आले. म्हणाले, बँडमास्तर, सेटलमेंटकडच्या फासेपारध्यांसाठी बँडचा वर्ग काढायचाय. वाद्यं खात्याची, शिकवणं तुमचं. शिकून झाले की त्यांचीच सोसायटी आणि त्यांचाच धंदा, कुणी मालक नाही की कुणी गडी नाही. अट एकच, या लगीनसराईत निदान एक लग्न वाजवून दाखवायचं, नाहीतर वाद्यं खात्यात परत आणि वर्गाला कुलूप. मी नाहीच म्हणणार होतो (सोलापुरात लग्नांपेक्षा बँड जास्त झालेत, त्यात आपल्याच हातानं आणखी एक कशाला?), पण तेवढ्यात बाहेर तितर बोललं. भर बाजारात, टांग्यांच्या गर्दीत! तुम्हाला माझे कान ठाऊक आहेत. मिलमध्ये तेलवाला होतो तेव्हा कुठला माग आज रुसणार ते मी आवाजावरून सांगायचो, आणि त्याच कानांच्या जोरावर मिल सोडून बँड काढला. तसाच उठून बाहेर गेलो. एक तरणा पारधी रिकामी पाटी पुढं घेऊन बसलेला. पाटीत तितर नव्हतं, त्याच्या गळ्यात होतं. मी म्हटलं, अरे, माल नाही तर ओरडतोस कशाला? तर म्हणतो, “तितरं इकून झाली की मास्तर. पर गिऱ्हाईक तर यिऊ द्या, मग काय इकायचं ते बघू!” त्याचं नाव सिद्राम. मी तिथंच साहेबांना म्हटलं, वर्ग घेतो.

पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. शाळेत करतात तशी मी हजेरी घेऊ लागलो. पहिलं नाव उच्चारलं मात्र, मागं बसलेला एक म्हातारा उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं अंगठा पुढं केला. इंग्रजांनी यांना चोर ठरवून सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात कोंडलेलं, रोज हजेरी आणि अंगठा, ते दिवस, दाजी. अंगठा अजून विसरला नव्हता. मी वही मिटली ती मिटलीच. तेव्हापासून आमच्याकडं हजेरी सुरांची. प्रत्येकानं आपापल्या वाद्यावर एक सूर लावायचा, मी डोळे मिटून ऐकायचं, आणि कोण आला नाही ते न बघता सांगायचं. म्हातारा आता मोठा ढोल वाजवतो आणि हजेरीला असा दणका देतो की शेजारचं न्हावी-दुकान वस्तरा हवेत धरून थांबतं.

शिकवण्याचं म्हणाल तर मला काही करावंच लागलं नाही. सगळं कानांनी. मी एक ओळ वाजवायची, त्यांनी उचलायची. आपसात त्यांच्या भाषेत (ती मला गुजरातीची चुलतबहीण वाटते) जरा कुजबुजायचं आणि पुढची ओळ मागायची. वरातीची चाल तर त्यांनी अशी उचलली की माझीच मला चोरी झाल्यासारखी वाटली. (हा शब्द तुम्ही सोडून दुसऱ्या कुणापुढं वापरणार नाही.)

मधे खात्यानं धंदा शिकवायला एक व्याख्याते पाठवले. गिऱ्हाइकाशी हसून बोलावं, वगैरे. शेवटी म्हणाले, समजा मी गिऱ्हाईक आहे, मला सुपारी द्यायला लावा. सिद्रामची बायको केराबाई पुढं झाली. ती सोसायटीची सुपाऱ्या घेणारी. तिनं त्यांच्या बायकोची चौकशी केली, लेकरांची नावं विचारली, दृष्ट काढली, आणि म्हणाली, “सायेब, तुमच्या लग्नात बँड नव्हता न्हवं? मग आता वरीसदिवसाला तरी वाजवा की! बाई किती हरकंल!” तीन लेकरांचा बाप, पण सुपारी देऊन मोकळा झाला. संध्याकाळी बायकोनं मोडायला लावली ते सोडा. (ती मोडली नसती तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.)

मग ड्रेस आले. लाल कोट, पितळी बटणं, उंच टोपी. हौसेनं अंगात घालून सगळे वर्गातून थेट वस्तीकडं निघाले, घरच्यांना दाखवायला. लांबून टोप्या आणि बटणं दिसली मात्र, वस्ती रिकामी! बाया चुलीवरचं कालवण टाकून ज्वारीच्या ताटांत, म्हातारे नाल्यात, कुत्रीसुद्धा भुंकायची थांबून पसार. ड्रेसातल्या पोरांना कळेना, पोलीस आले तरी कुठून, म्हणून पोरंही पळाली! स्वतःच्याच ड्रेसला भिऊन ड्रेस पळाला, असं मी कधी पाहिलं नव्हतं. एकटा सिद्राम उभा. त्यानं क्लॅरिनेट काढलं आणि तितराची साद दिली, ती घरचीच खूण. तेव्हा कुठं ताटांतून एकेक डोकं वर येऊ लागलं. केराबाईनं मात्र बाहेर येताच आधी नवऱ्याला दोन ठेवून दिल्या आणि मग कोटाचा गळा सरळ केला.

आता खरी गंमत. तुम्हाला माझा खोकला ठाऊक आहेच, मिलच्या कापसानं दिलेला. दोनदा तोकडा, एकदा लांब, मग मिशी पुसून ‘हां, उचला!’ वरातीच्या चालीची दुसरी ओळ संपली की तो मला हमखास येतो. साहेबांपुढं परीक्षा होती त्या दिवशी सकाळपासून मी ज्येष्ठमध चघळत होतो. अंगणात खुर्च्या, मोठमोठे पाहुणे. पोरांनी चाल धरली, अंगावर काटा आला! दुसरी ओळ संपली. आणि दाजी, सगळा बँड थांबला. सगळे एका सुरात दोनदा तोकडे खोकले, एकदा लांब. सगळ्यांनी मिशी पुसली (ज्यांना नव्हती त्यांनीही), एकदम ओरडले ‘हां, उचला!’ आणि पुढची ओळ अशी उचलली की ताल केसभर हलला नाही. मी म्हटलं, धरणी दुभंगेल तर बरं. साहेब वाकून म्हणाले, “मास्तर, हा खोकला चालीतलाच का?” मी म्हटलं, “व्हय साहेब, विलायती पद्धत आहे.” साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. नंतर मी तो खोकला काढून टाकायला लई धडपडलो. पण खोकला काढला की चाल लंगडते. राहू दिला.

पास झाले, पण लग्न कुठून आणू? मोहोळला गेलो, श्रीपूरला कारखान्याच्या वसाहतीत गेलो. बँडचं नाव काढलं की लोक खूश, कुणाचा बँड ते सांगितलं की तोंड फिरवतात. “मास्तर, दागिन्यांचं घर आहे हो.” आता मला सांगा, दोन्ही हात आणि तोंड वाद्यात गुंतलेला माणूस, त्याच्याइतका निर्धोक माणूस मांडवात दुसरा कोण? हात मोकळे असतात ते आपल्या पाव्हण्यांचे! पण कुणी ऐकेना. सराई संपत आली. परवा सिद्राम क्लॅरिनेट पुसता पुसता सहज म्हणाला, “मास्तर, परत देताना पुसूनच द्यायचं न्हवं?”

असो. बाकी सर्व क्षेम. बँडचं भेटीत बोलूच. आक्काला नमस्कार, वच्छलाला आशीर्वाद, गुडघ्याला एरंड.

आपला, तुमच्याच लाडानं बिघडलेला मेहुणा,
धोंडीराम

ता.क. भेटीत बोलायचं राहून जाईल म्हणून इथंच लिहितो. माझा नेहमीचा बँड वच्छलाच्या लग्नादिवशी अक्कलकोटला चाललाय. सुपारी मीच घेतली, तुमचं पत्र आल्यावर. तेव्हा तुमच्या दारात सिद्रामचा बँड येईल. रागावू नका. पारध्यांचं पाल पडलं की गावच्या पोलीसपाटलानं वहीत नाव लिहायचं, ही तुमची नोकरी. पण त्याच पाटलाच्या मांडवात ते वाजले, तर तालुक्यात पुन्हा नाही म्हणायची कुणाची छाती आहे? हजेरी घ्यायचीच असेल तर सुरांची घ्या.

ता.क. दुसरा : ओसरीवर ज्याचा चहा पिऊन झालाय, तोच सिद्राम. ड्रेस पिशवीत आहे, घालून आला असता तर तुम्हीच पळाला असता. तुम्ही त्याला बसवलंत, पाणी दिलंत, आक्कानं चहा दिला, आणि अजून तरी आभाळ कोसळलं नाही. आता त्याच्या हातात सुपारी तेवढी ठेवा.

ता.क. तिसरा, हा शेवटचा : हे वाचताना मागून कुणी दोनदा तोकडं आणि एकदा लांब खोकलं, तर ‘या धोंडीराम’ म्हणू नका. मी सोलापुरातच आहे. ‘या’ म्हणायचंच तर त्याला म्हणा.