शुगर कमी झाली

अप्पा, आज दुपारी आईला घाम फुटला. डोक्यावर पंखा चालू, तरी मानेवरून धारा. "पुट्टी, शुगर कमी झाली गं," म्हणाली. मी धावत जाऊन तिच्या तोंडात साखर घातली. तुमच्यासारखंच आता ती पण इंजेक्शन घेते. जरा वेळानं बरी झाली, झोपली, आणि मग मी हा कागद घेऊन बसले.

तेव्हा मी आठ वर्षांची. तुम्ही नंजनगूडच्या कारखान्यातून डबा न खाताच लवकर घरी येता. आई रेशनला गेलेली. दारातच बसता, शर्ट ओला. "पुट्टी, शुगर कमी झाली. थोडा बेल्ला आण गं." मी टाळ्या वाजवते! घरात रोज तेच तर चाललेलं, शुगर कमी व्हायला पाहिजे, कमी व्हायला पाहिजे. मी गुळाचा डबाच उचलला आणि तांदळाच्या पिंपात लपवला. "नाही देणार! आत्ता कुठे कमी झालीये, परत चढेल!" तुम्ही काहीतरी बोललात, जीभ वळेना. शेजारची अज्जी ओरडत आली, "अय्यो, गोड द्या की ह्याला आधी!" तिनंच साखरपाणी पाजलं. आई आल्यावर चिडली, "घरात पोरगी होती ना, तिला मागायचं!" तुम्ही म्हणालात, "सुचलंच नाही गं." आणि मला डोळा मारलात. पुढच्या वर्षी किडनी गेली आणि तुम्ही पण.

दवाखान्यातल्या सिस्टरनं मला मागे समजावलं. आपण उपाशी राहिलो तर लिव्हर साठवलेली साखर आपली आपण सोडतं, कुणाकडे मागायला लागत नाही. इंजेक्शनवाल्यांचं अंग तेवढं भरून काढू शकत नाही. घाम, थरथर, म्हणजे अंगच मागत असतं. नववीत शाळा सोडली मी, हे पुस्तकात होतं की काय माहीत नाही. सकाळपासून नुसत्या चहावर अगरबत्त्या वळते, दमते, पण पडत नाही. माझं अंग सुम्ने, न बोलता, आपलं काम करतं.

आई अजून सगळ्यांना सांगते, "ह्यांनी मागितलंच नाही, नाहीतर पोरीनं दिलं असतं." मी खाली बघते. हे तिला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते. नाही जमणार. कागद तांदळाच्या पिंपात ठेवते, तांदूळ आता मीच काढते.

आणि अप्पा, डबा लपवताना गुळाचा एक खडा मी खाल्ला होता.