मोजण्याआधीचा अर्धा तास

शनिवार, २ नोव्हेंबर

प्रिय,

आम्ही सगळे मजेत, असं लिहून मोकळी होणार होते. पण आईंना सर्दी झालीय, लेकीने चष्मा तोडलाय आणि मोरीतला नळ पुन्हा गळतोय. तेव्हा 'ठीकठाक' म्हण. तू जेवतोस ना वेळेवर? की मशीनला तेल आणि पोटाला नुसता चहा?

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आई शेजारीच बसलेल्या असतात, आणि सर्दीने कान बंद झाले तरी त्यांना माझं बरोबर ऐकू येतं.

आधी गंमत सांगते. लेकीला शाळेत रबरबँडचा प्रयोग करून दाखवायचा होता. "आई, तू तर रबरबँडच्या कारखान्यातच आहेस, तुला काय!" म्हणाली. मी तिला रबरबँड झटकन ताणून तसाच वरच्या ओठाला टेकवायला लावला. "अगं, गरम लागतोय!" मग तो ताणलेलाच जरा वेळ धरायला लावला, एकदम सोडायला सांगितलं आणि पुन्हा ओठाला. "आता गार!" लगेच तो आईंच्या ओठाला लावायला धावली.

मग रबरबँडला कुलूप टांगलं आणि हेअर ड्रायरने गरम हवा सोडायचं ठरलं. आई म्हणाल्या, "गरम केलं की सगळं ढिलं पडतं. कुलूप खाली येणार. हरले तर भांडी माझ्याकडे." आणि कुलूप चक्क वर चढलं! आई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुझे सासरे अस्सेच होते. तापले की आखडायचे." हसून हसून पुरेवाट झाली. भांडी मात्र मीच घासली, सर्दी आहे ना त्यांना.

तू असतास तर काय म्हणाला असतास, असं भांडी घासताना वाटत राहिलं. हल्ली हे फार होतं. परवा बस थांब्यावर एक माणूस तुझ्यासारखीच मान वाकडी करून खिशात सुटे पैसे शोधत होता. मी बघत उभी राहिले आणि माझी बस गेली.

असो. कारखान्यात गुरुवारी घोळ झाला. खुंट्यांवर आठवडाभर ताणून ठेवलेले नमुने शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी काढले आणि काढल्या काढल्या मोजले. घरी जायची घाई! सगळे लांबलेले निघाले आणि सुपरवायझर बाईंनी अख्ख्या मालावर 'नापास'चा शिक्का हाणला. मी दुसरे नमुने सोडवले, अर्धा तास टेबलावर नुसते पडू दिले आणि मग मोजले. सगळे पास. "सुटल्याबरोबर मोजायचं नाही. रबराला आधी निवांत पडू द्यायचं." मी नवीन होते तेव्हा तूच हे शिकवलं होतंस. तेव्हा वाटलं होतं, काय शिष्ट माणूस आहे!

हे त्या ताईंना सांगता सांगता माझा आवाज चढला. हातातली पट्टी टेबलावर आपटली. त्यांना वाटलं, मी त्यांच्यावर चिडले. मी चिडले होते, पण तुझ्यावर.

मागच्या सुट्टीत तू चार दिवस आलास. मी तुला कपाटातला मोकळा कप्पा दाखवला, पाहुण्याला दाखवतात तसा. तू टॉवेल वाळला की पुन्हा बॅगेत ठेवत होतास. मी चहात साखर घातली, तू सोडलीस हे मला माहीतच नव्हतं. लेक दाराआडून बघायची. आपण दोघं बोललो कशावर, तर नळावर! आणि जाताना तू म्हणालास, "तुमचं माझ्यावाचून छान चाललंय."

त्यावरच तर तू हे ठरवतोयस ना? मंगळवारी फोनवर म्हणालास, "कंपनीवाले इथे आणखी तीन वर्षं थांबा म्हणतात. नोव्हेंबरअखेर सही करायची आहे. तू काय म्हणतेस?" मी म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर." आई शेजारी नसत्या तरी हेच म्हटलं असतं. समोरून 'बरं' आलं आणि मला जेवण गेलं नाही.

अरे शहाण्या, तू तिकडे गेल्यापासून दोन वर्षं ताणून ठेवलेलं, आणि तू चार दिवसांत मोजून शिक्का मारून गेलास! ज्याने नियम शिकवला त्यानेच मोडावा? आपल्याला निवांत पडू कुठे दिलंस तू? पाचव्या दिवशी लेक तुझ्या उशीवर जाऊन झोपली होती. तेव्हा तू गाडीत होतास.

पुन्हा अगदी पहिल्यासारखे होऊ, असं मी म्हणत नाही. रबरही होत नाही, थोडं लांबतंच. तेवढं धरूनच आपण पास करतो, तुला माहीत आहे.

इथे कारखान्यात तुला मिळेल ते काम लहान आहे. चाचणीचं टेबल आता माझ्याकडे आहे, म्हणजे तुला माझ्या हाताखाली काम करावं लागेल. फुगू नकोस. त्रास देईन, पण रोज डबाही मीच देईन.

मला तू घरात हवा आहेस. रागावलेला, आखडलेला, कसाही. सही करू नकोस. ये, आणि लगेच जायचं म्हणू नकोस.

तुझ्यावाचून मुळीच छान न चाललेली,
तुझी बायको