थोरलीचं तसराळं

१२ जानेवारी
भोंगा तिला मिळाला. पिवळं जाकीटसुद्धा! लुसाकाच्या या वस्तीत पटकी आल्यापासून माझी धाकटी जाऊ नामुकोलो गल्लोगल्ली ओरडत फिरते — पाण्यात क्लोरीन टाका, हात मिळवू नका, वाहत्या पाण्याखाली हात धुवा. या कामासाठी नावं दोघींनी दिली होती. आरोग्य केंद्रातली बाई मला म्हणाली, “तुमचा आवाज पोचत नाही हो.”

१४ जानेवारी
तिने दाराशी तोटीची बादली लावली. जेवणाआधी सगळे तिथेच रांगेत. लग्न होऊन आल्यापासून गुडघे टेकून हात धुवायचं तसराळं मी फिरवत आले — आधी सासूबाई, मग बाकीची वडीलधारी, त्याच पाण्यात शेवटी मुलं. आज ते उपडं पडून होतं. सासूबाई म्हणाल्या, “धाकटी शहाणी निघाली हं!”
मी मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा वाढत राहिले.

१५ जानेवारी
नवराही तिचंच गाणं गुणगुणतो. हात धुण्याचं!

१९ जानेवारी
चुलतसासरे म्हातारपणाने गेले. पुरून आल्यावर अंगणात माणसं मावेनात. नामुकोलो बादलीसाठी क्लोरीन आणायला केंद्रात गेली ती येईना. न्शिमा गार होत चालला. एक म्हातारबाबा खेकसले, “काय गं सुने, आम्हालाही आजच पुरायचं का?”
मी तसराळं काढलं. गुडघे टेकले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हात बुडवले. पाणी गढूळ झालं. मी फिरत राहिले. म्हातारबाबा म्हणाले, “चला, या घरात अजून एक सून आहे तर!”
नामुकोलो आली तेव्हा सगळ्यांची बोटं न्शिमात. ती तसराळ्याकडे बघत राहिली. मला किती बरं वाटलं!

२१ जानेवारी
सासूबाईंना पहाटेपासून जुलाब. पेजेच्या पाण्यासारखे. नामुकोलोने ढकलगाडीवरून केंद्रात नेलं. मी मागे.
वाटेत तिने विचारलं, “ताई, त्या दिवशी तसराळ्यात कुणीकुणी हात धुतले?”
सासूबाई पुटपुटल्या, “थोरलीला काही म्हणू नकोस गं.”
आठवली ती नावं सांगितली. बाकीचे नुसते हात आठवतात.

२१ जानेवारी, दुपार
भोंगा माझ्या हातात. आवाज शेवटच्या घरापर्यंत पोचला: “परवा आमच्याकडे मयताला जेवलेल्यांनो, ऐका — जुलाब लागताच केंद्रात या. तसराळं मी फिरवलं होतं.”