मुठीएवढी जागा

इपोह, मंगळवार

प्रिय गुरदीप,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मिसेस फूंगकडून लिहून घेतला आहे. तिचं अक्षर भिकार आहे, पण तुझं तिच्याशी भांडण नाही. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे आणि त्यापायी गेले नऊ दिवस मी घरात येरझाऱ्या घालते आहे. गाडीला उघडणारं छत घ्यायचं की नाही, हा तो प्रश्न.

हो, गाडी. सत्तराव्या वर्षी मी स्पोर्ट्स कार घेते आहे. दोन माणसांची, हाताने गिअर टाकायची, जमिनीला इतकी लागून की आत बसताना माझे गुडघे मला शिव्या देतात. ड्रायव्हिंगची परीक्षक म्हणून एकतीस वर्षं मी शिकाऊ लोकांच्या डाव्या सीटवर जीव मुठीत धरून बसले. आता उजवीकडे बसून थोडं दुसऱ्यांना घाबरवायचं आहे. माझा भाचा डॉमिनिक म्हणतो, "आंटी, चर्च आणि बाजार, एवढंच तर जाता तुम्ही. मी सोडत जाईन ना." मी म्हटलं, तू दर रविवारी प्रवचन संपल्यावर पोचतोस, म्हणूनच गाडी घेते आहे.

शोरूममधला विक्रेता, फादली त्याचं नाव, चाळिशीचा आणि ताडमाड उंच. मी आत शिरले तर हा माझ्या खांद्यावरून मागे बघतोय. "अंकल गाडी लावतायत का, आंटी?" अंकल झालेच नाहीत, तू फॉर्म आण, असं मी सांगितलं. फॉर्मवर माझं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "मॅडम लाझारू? तुम्ही मला दोनदा नापास केलं होतंत." दोनदाच ना, मग बरा चालवत असशील, मी म्हटलं. तेव्हापासून तो मला आंटी म्हणत नाही.

फॉर्मवर सगळं भरून झालं, रंगसुद्धा, आणि छताच्या रकान्यापाशी घोडं अडलं. एकदा शुक्रवार उलटला की कारखाना काही बदलू देत नाही. फादली म्हणतो, उघडणारं काचेचं छत घ्याच, नाहीतर पुढे ही गाडी कोणी विकत घेणार नाही. जणू काही मी ती पुढच्या वर्षी विकायला घेते आहे. किंवा मरायला. डॉमिनिक म्हणतो, इथल्या उन्हात ते कोण उघडणार, टाळू भाजून निघेल. फादर ॲलोयशियस यांना कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी साध्या जीवनाविषयी दोन शब्द ऐकवले. त्यांना मी त्यांच्या नव्या एअर कंडिशनरची आठवण करून दिली.

मला ते छत हवं आहे, गुरदीप. हवंच आहे. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर डोंगराच्या चुनखडीचा वास वरून आत यावा, मान वर केली की झाडं धावताना दिसावीत. का हवं ते जगात फक्त तुला ठाऊक आहे, कारण माझ्या पहिल्या गाडीला ते होतं आणि त्याच्याखाली तू बसली होतीस.

बाबांची ती हिरवी गाडी. मी चालवायची, तू डावीकडे मांडीवर वही घेऊन पुढची वळणं वाचायचीस. अख्ख्या राज्यात गाड्यांच्या स्पर्धांत उतरणारी बायकांची तेवढीच एक जोडी. शाळेतल्या सिस्टर इमॅक्युलाटांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, एकीला ब्रेक माहीत नाही आणि दुसरीला भीती, देव तुमचं भलं करो. तापाहच्या घाटाच्या स्पर्धेआधी महिनाभर, सत्त्याहत्तर साली, मी हट्टाने गॅरेजवाल्याकडून छत कापून तिथे उघडणारं बसवून घेतलं. उकडतं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला मिरवायचं होतं. छताच्या चौकटीने आतली उंची दोन बोटं कमी झाली. मला काय त्याचं? मी उशीवर बसून चालवायची.

स्पर्धेच्या सकाळी बुजुर्ग चेल्लय्या गाड्या तपासत आले. आठवतंय, हेल्मेट आणि छत यांच्यामध्ये ते आपली मूठ घालून बघायचे. मूठ बसली तर जा, नाही बसली तर घरी जा. तुझ्या हेल्मेटवर त्यांची बोटंसुद्धा गेली नाहीत. तू मुळात उंच, त्यात डोक्यावर केसांचा बुचडा, त्यावर ते मोठ्या मापाचं हेल्मेट. मी तुला कोपर मारलं आणि हळूच म्हटलं, "खाली सरक." तू सरकलीस. त्यांची मूठ बसली. ते पुढे गेले आणि मी हसले.

पुढचं जे झालं ते मी पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ लोकांना एकाच प्रकारे सांगत आले आहे. चाळिसाव्या वळणाला गुरदीपने वहीतली ओळ सोडली आणि आम्ही चहाच्या मळ्यात. आपल्याला कोणाला काही लागलं नाही, गाडी मात्र गेली. आणि रस्त्यावर सगळ्या पुरुषांच्या देखत मी तुला म्हटलं, "ते केस कापले असतेस तर मान सरळ राहिली असती." तू हेल्मेट काढलंस, बुचडा नीट केलास, आणि मागून आलेल्या लॉरीत बसून निघून गेलीस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. माझं म्हणणं असायचं, एवढ्याशा शब्दावरून कोणी इतकं तोडतं का. हे मी तुझ्या आईलासुद्धा ऐकवलं, तुझ्या लग्नात, जिथे मला बोलावलं होतं ते केवळ त्या माउलीने.

गेल्या शनिवारी मी शोरूममध्ये दोन्ही जुनी हेल्मेट घेऊन गेले. हो, तुझंही माझ्याकडेच आहे, तू तिथेच टाकून गेली होतीस. तिथली गाडी काचेच्या छताची होती. मी फादलीला म्हटलं, हे घाल आणि डावीकडे बस. तो म्हणाला, "मॅडम, ही पण परीक्षा आहे का?" मी म्हटलं, होय, आणि तू तिसऱ्यांदा बसतो आहेस. त्याच्या डोक्यावर बुचडा नाही म्हणून आत माझी विणलेली टोपी घडी करून घातली. तो बसला, आणि त्याची मान खांद्यावर कलली. मी त्याला माहितीपुस्तिका दिली आणि वाच म्हटलं. पानाची वरची ओळ त्याला दिसत होती. खालची वाचायला त्याला सबंध अंगाने वळावं लागत होतं. तो हसत होता. 

तू ओळ सोडली नव्हतीस. तुला ती दिसत नव्हती. मी तुला तीन तास माझ्या हौसेखाली वाकवून बसवलं, आणि मग दोष तुझ्या केसांना दिला. ते तू का वाढवलेत हे शाळेतल्या पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं. मला क्षमा कर. हे वाक्य मला चार कागद फाडल्यावर जमलं, तेव्हा ते दुसऱ्यांदा मागू नकोस.

आता कामाचं. गाडी सप्टेंबरात येते. नोव्हेंबरात त्याच घाटात जुन्या स्पर्धकांची फेरी आहे, हेल्मेट सक्तीचं. मी नाव दिलं आहे. चालकाच्या खालची ओळ कोरी आहे. बंद छत घेतलं तर दोन बोटं जागा जास्त मिळते, पण माझ्या आठवणीतली तू बावीस वर्षांची आहेस, आणि म्हातारपणी माणसं उंचीने आखडतात म्हणे. अंदाजाने मी एकदा चुकले आहे. तेव्हा भिंतीला पाठ लावून खुर्चीवर ताठ बस, खाली सरकू नकोस, केस नेहमीसारखे बांध, आणि बैठकीपासून बुचड्याच्या टोकापर्यंत माप घेऊन शुक्रवारी पाचच्या आत मला फोनवर सांग. नंबर मागे लिहिला आहे. तुझं तैपिंग इथून तासाभरावर आहे, मी स्वतःच टेप घेऊन आले असते, पण तू दार उघडशील की नाही ते मला माहीत नाही. माप आलं नाही, तरी मी छत बंदच घेणार आहे.

तुझीच, उजव्या सीटवरची,
बर्नाडेट