आईच्या नावावरचा दयेचा अर्ज

॥ श्री ॥
राजाजीनगर, बेंगळूर
ता. २ ऑक्टोबर १९९४

ती. कस्तुराअक्कास मथुराचा शि. सा. न. वि. वि.

पत्र खुशालीचं नाही, कामाचं आहे. आपल्या उमाजीचा दयेचा अर्ज एकदाचा वर गेला. चिकपेटेतल्या भांडणात आपल्या भावाच्या हातून माणूस गेला, ते काही पुसत नाही. पण जन्मठेपेची बारा वर्षं भरली. वकील म्हणाला, कारण एकच चालेल, आई. म्हातारी, आजारी, एकुलत्या मुलाच्या वाटेकडे डोळे, असं लिहिलंय. तेव्हा आईला जप. चौकशीचा माणूस येईल तेव्हा तिला खाटेवर निजव, शेवया वळायला बसवू नकोस. सोबतच्या कागदावर तिचा अंगठा घेऊन धाड. लगेच.

रागावलीस तरी लोभ असू दे.
मथुरा

धारवाड
ता. ११ ऑक्टोबर १९९४

मथुरास आशीर्वाद.

आई काल सकाळी गेली. शेजाऱ्यांनी तुझ्या घराखालच्या दुकानात फोन लावला, लागला नाही. अग्नी माझ्या दिरांनी दिला. मुलगा असून असं. अर्ज आईवर आहे म्हणून मी उमाजीला आजच कार्ड टाकलं, सगळं ठीक, आई बरी आहे. बरोबर केलं ना? तेराव्याला तरी तो हवा होता गं.

सांभाळून राहा.
कस्तुरा

बेंगळूर
ता. १५ ऑक्टोबर १९९४

अक्का, नमस्कार.

परवा तुझं पत्र आलं. रडून झालं, आता भांडते. काल तुरुंगात गेले तर उमाजी डोकं भादरून उभा! तुझं कार्ड त्यानं जाळीला लावून दाखवलं. वर श्री नाही. सुतकात श्री घालत नाहीत हे तुझ्या हातानं पाळलं, आणि खाली आई बरी आहे म्हणून लिहिलंस! त्याला आणखी काय सांगायला हवं होतं?

मी खुणावत होते, गप्प राहा, सुटायचं आहे. ऐकेल तर ना. जेलरला सरळ म्हणाला, आई गेली, तेराव्याला सोडा. मला म्हणाला, मेलेल्या आईला खाटेवर निजवून मी सुटू काय?

जेलर म्हणाला, पोलीस देऊन पाठवतो, पण अर्जातलं कारण गेलं. घरी वाट बघणारं दुसरं कोण? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, लग्न झालेली बहीण स्वल्प कमी पडेल. म्हटलं, पडू दे, आधी माझं नाव लिहा. माझ्यासमोर लिहायला लावलं.

येत्या शनिवारी तेराव्याला आम्ही येतो. दोन पोलीस धरून पानं मांड. आता मोठी तूच, माझ्यावर माया ठेव.
मथुरा